जागा सोडलेली चित्रं

१७१५ साली ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटचं एक चित्र कापलं गेलं. १६४२ साली त्यानं पुरं केलेलं हे भिंतभर चित्र आज ‘नाइट वॉच’ या नावानं जगभर ओळखलं जातं. त्या काळी शहराच्या राखणीसाठी नागरिकांची हत्यारबंद पथकं असत. त्यांतल्या एका पथकानं आपल्या सभागृहात लावायला ते काढून घेतलं होतं. सत्तरेक वर्षांनी ते डाम चौकातल्या नगरभवनात न्यायचं ठरलं, आणि तिथं दोन दारांमधल्या जागेत ते मावेना. म्हणून चारही बाजूंनी कापलं. डावीकडून सुमारे ६० सेंटिमीटर, वरून २२, उरलेल्या दोन बाजूंनी त्याहून कमी. डावीकडच्या पट्टीत दोन पुरुष आणि एक मुलगा होता. ते गेले. कापलेल्या पट्ट्या आजवर सापडलेल्या नाहीत.

हे चित्र आता राइक्सम्युझियममध्ये आहे, म्हणजे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात. पियर कॉयपर्स या वास्तुकारानं रचलेली तिथली इमारत १८८५ साली उघडली, आणि तिची मांडणीच अशी की मधल्या लांब दालनातून चालत गेलं की समोर ‘नाइट वॉच’ उभं राहतं. २००३ ते २०१३ या दहा वर्षांत संग्रहालयाची मोठी दुरुस्ती झाली. ८० दालनांत सुमारे आठ हजार वस्तू नव्यानं मांडल्या गेल्या. त्यांत आपल्या पूर्वीच्याच जागी परतलेलं चित्र हे एवढंच. २०१९ मध्ये त्याच्याभोवती काचेची खोली उभारून लोकांच्या डोळ्यांदेखत त्याची तपासणी सुरू झाली. २०२१ मध्ये हरवलेल्या पट्ट्याही नव्यानं तयार केल्या. चित्र कापण्यापूर्वी खेरित लुंडेन्स या चित्रकारानं त्याची लहान नक्कल केली होती. तिच्या आधारानं, संगणकाला रेम्ब्रांटची रंग लावण्याची पद्धत शिकवून पट्ट्या छापल्या आणि मूळ चित्राच्या कडेनं तीन महिने लावून ठेवल्या. ३०६ वर्षांनी लोकांना चित्र पुरं दिसलं.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो संग्रहालयाचा कबुलीचा भाव. आमच्याकडचं सर्वांत नावाजलेलं चित्र अपुरं आहे, त्यातून काय गेलं ते असं होतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं. चित्र मूळ जागेवरून हललं की त्याचं काही ना काही मागं राहतं किंवा कापलं जातं. ‘नाइट वॉच’चं कापलेलं अंग सेंटिमीटरमध्ये सांगता येतं, म्हणून ते ध्यानात राहिलं. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून निघून जगभर पोचलेल्या वारली चित्राचंही बरंच काही मागं राहिलं आहे. ते मोजायला मात्र आपण अजून नीट बसलेलो नाही.

आधी ते चित्र मूळ जागी कसं असतं ते पाहू. वारल्याचं जुनं घर कुडाचं. कारवी किंवा बांबूच्या काड्या उभ्या करून त्यावर शेणमातीचा लेप. खिडकी नाही, आत दिवसाही अंधार. लग्न ठरलं की आतली एक भिंत सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात, बांबूची काडी टोकाशी ठेचून तिचा कुंचला करतात, आणि सवाशिणी चौक लिहायला बसतात. सवाशिणीच, कारण हे काम त्यांचं. ज्यांचे नवरे हयात आहेत त्या बायकांनी लिहिलेल्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. शेजारी धवलेरी असते. लग्न लावणारी ही बाईच, आणि लग्नाची लांबच लांब गाणी तिच्या तोंडी. जगाच्या पाठीवर विवाहाचं पौरोहित्य बाईकडे असलेले समाज फार थोडे असतील. वारली समाज त्यांतला आहे, आणि ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक छापावी इतकी मोठी आहे.

चौकाच्या मध्यभागी पालघट. ही लग्नाची देवी, पिकाची आणि पोराबाळांची देवी. तिच्याभोवती चौकोनी चौकट, चौकटीत नक्षीच्या एकाआड एक पट्ट्या, रेघांच्या, ठिपक्यांच्या, साखळ्यांच्या. कोपऱ्यांकडे सूर्य, चंद्र, फणी, शिडी. बाजूला दुसरा लहान चौक आणि त्यात पंचशिऱ्या, घोड्यावर बसलेला बिनडोक्याचा वीर, ज्याच्या मानेतून पाच कणसं फुटली आहेत. चौकटीबाहेर मग उरलेलं जग येतं. ताडावर चढणारा माणूस, वाघ, मुंग्या, भात कांडणाऱ्या बाया, आणि तारप्याच्या सुरावर वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. मोठ्या दुधीभोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडून केलेला तारपा एक जण वाजवतो आणि त्याच्याकडे पाठ न करता बाकीचे फिरत राहतात. शंखासारखी वळत जाणारी ती रांग आज वारली चित्राची खूण बनली आहे.

माणूस काढायचा तो दोन त्रिकोण टोकाला टोक जुळवून. ही युक्ती किती कसदार आहे ते चित्राजवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन त्रिकोण एका बिंदूवर टेकलेले असल्यामुळे कंबर कुठंही झुकवता येते. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस वाकला, आणखी कलला की ओझं उचललं, दोन्ही कलले की नाचू लागला. चेहरा नाही, स्नायू नाहीत, सावली नाही, आणि तरीही शेतात लावणी करणारी बाई आणि दमून घरी निघालेली बाई वेगवेगळ्या ओळखू येतात. युरोपातल्या चित्रकारांनी माणसाच्या हालचालीसाठी शतकानुशतकं शरीररचनेचा अभ्यास केला. इथं तेच काम कलत्या रेषेनं होतं.

डिंक न घातलेलं तांदळाचं पीठ भिंतीवर फार दिवस धरत नाही. ते सुटतं, त्याला कीड लागते, धुरानं काळवंडतं, आणि पुढच्या सारवणात उरलंसुरलं झाकलं जातं. त्याचं कुणाला दुःख नसतं. लग्न पार पडलं, चौकाचं काम झालं. पुढच्या लग्नाला पुन्हा नवा. वारली चित्रकला किती जुनी, या प्रश्नाला खात्रीचं उत्तर नाही ते याचमुळे. माहितीपत्रकांत हजारो वर्षांचे आकडे बिनदिक्कत छापतात आणि भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी नातं जोडतात. आकृत्यांतलं साम्य हा काळाचा पुरावा होत नाही. भिंतच उरत नाही तिथं चित्राचं वय सांगायचं कशावरून? मला वाटतं, जुनेपणाचा असा आधार या चित्राला लागतही नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूकडे आले. त्याआधी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला लावण्याचं काम त्यांनी केलं होतं. दुष्काळात त्यांना चार पैसे मिळावेत हा हेतू. त्यामागे हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांची प्रेरणा होती. तेच कुलकर्ण्यांनी इथं केलं. कागद दिला, आणि गंजाडच्या एका तरुणाचा हात त्यांना दिसला. जिव्या सोमा म्हसे.

जिव्याबाबांचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आई लहानपणीच गेली. त्या धक्क्यानं मुलगा बोलायचा थांबला आणि मातीत बोटानं चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागला, असं त्यांच्याबद्दल सगळीकडे सांगितलं जातं. पुढं डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचा कळंबीपाडा हेच त्यांचं घर झालं. चौक लिहिणं बायकांचं काम असलेल्या समाजात हा पुरुष लग्नाबिग्नाचं निमित्त नसताना रोज चित्रं काढत बसे. १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या चित्रकारांबरोबर त्यांचीही चित्रं लागली. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत त्यांचं प्रदर्शन झालं. लाँग माळरानावर चालत जाऊन पायवाट उमटवणारा, दगडांची वर्तुळं मांडणारा कलावंत. त्याची मातीतली रेघ आणि जिव्याबाबांची पिठाची रेघ शेजारी पाहायला मिळाली. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

या यादीतला २००९चा सन्मान मी मुद्दाम वेगळा ठेवला. त्या वर्षी त्यांना नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला. तो देणारा ॲमस्टरडॅममधला प्रिन्स क्लाउस निधी १९९६ साली स्थापन झाला, आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या कलावंतांना तो पुरस्कार देतो. २००९चा विषय होता संस्कृती आणि निसर्ग. त्या वर्षीचा मुख्य मान बांबूच्या इमारती बांधणाऱ्या सिमॉन वेलेझ या कोलंबियाच्या वास्तुकाराला मिळाला, आणि त्याच मानकऱ्यांच्या रांगेत बांबूच्या काडीनं चित्रं काढणारे जिव्याबाबा होते. रेम्ब्रांटच्या शहरानं गंजाडच्या माणसाला नावानिशी ओळखलं.

नावाची गोष्ट इथंच नीट पाहायला हवी, कारण संग्रहालय नावाशिवाय चालत नाही. ‘नाइट वॉच’मध्ये मागच्या कमानीवर एक ढाल आहे. तिच्यावर १८ नावं आहेत, पैसे भरून आपली छबी चित्रात उमटवून घेणाऱ्या पथकातल्या माणसांची. ती ढाल चित्र पुरं झाल्यावर मागून रंगवली, म्हणजे कोण कोण हे पुढच्यांना कळावं. रेम्ब्रांटला या कामाचे सुमारे १६०० गिल्डर मिळाले. चित्रकाराचं नाव माहीत, पैसे देणाऱ्यांची नावं माहीत, रक्कमही माहीत.

त्याच संग्रहालयात मराठी माणसानं आवर्जून विचारावी अशी एक गोष्ट आहे. निकोलास विट्सेन हा ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष होता. त्याच्या संग्रहात भारतातून आलेला एक अल्बम होता. गोवळकोंड्यात १६८६च्या आधी तयार झालेली, राजे आणि सरदारांची ४९ लहान चित्रं त्यात आहेत, आणि त्यांत एक शिवाजी महाराजांचं आहे. महाराजांच्या काळाला इतकं जवळचं चित्र पाहताना अंगावर काटा येतो. कागदावरची चित्रं उजेडानं फिकी पडतात, म्हणून संग्रहालयं ती मंद प्रकाशात, साधारण ५० लक्सच्या आसपास, थोडा काळ मांडतात आणि मग पुन्हा अंधारात ठेवतात. त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत हा अल्बम दिसेलच असं नाही. पण राइक्सम्युझियमनं आपल्या लाखो वस्तूंची छायाचित्रं सगळ्यांसाठी मोफत खुली केली आहेत. तिथं तो घरबसल्या पाहता येतो. या ४९ चित्रांत ज्यांची छबी आहे त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. काढणाऱ्याचं नाव नाही. रेम्ब्रांटनंही १६५६नंतरच्या काही वर्षांत भारतातून आलेल्या मुघल चित्रांवरून दोनेक डझन रेखाटनं केली, जहांगीर आणि शाहजहानची सुद्धा. त्या रेखाटनांवर रेम्ब्रांटचं नाव आहे. ज्यांच्या कामावरून त्यानं ती केली त्या हिंदुस्थानी चित्रकारांना त्यांच्या पाटीवर नावानं जागा नाही.

वारली चौकात तर नाव लिहायची पद्धतच नाही. दोनतीन सवाशिणी मिळून लिहितात, एकीनं चौकट आखली, दुसरीनं ठिपके भरले, तिसरीनं देवी. मग चित्र कागदावर आलं, बाजारात आणि संग्रहालयात गेलं, आणि तिथं कोपऱ्यात सही लागू लागली. जिव्याबाबांसारख्या थोर कलावंताची सही असणं रास्तच आहे. ती नसती तर आज त्यांचं नावही हरवलं असतं. पण कागदावरचं काम बरंचसं पुरुषांकडे गेलं, आणि जिच्या हातानं ही चित्रभाषा शतकभर तरी टिकली ती बाई पाटीवर आली नाही. हा कापलेला पहिला पट्टा. दुसरा गाण्याचा. चौक आणि धवलेरीची गाणी एकाच विधीची अंगं होती. कागदासोबत गाणं गेलं नाही. तिसरा पट्टा पालघटचा. देवीचा चौक विकायला काढणं अनेकांना आजही रुचत नाही, त्यामुळे बाहेरच्या जगात गेलं ते चौकटीच्या बाहेरचं, नाचाचं आणि शेतीचं चित्र. एखादी गोष्ट बाहेर न नेणं हा समाजाचा हक्क आहे, आणि हा पट्टा त्यांनी आपणहून राखला असं मी मानतो. बाकीचे दोन मात्र आपोआप गळाले.

आणखी एक पट्टा आहे, आणि त्याचं गाव झरी.

लग्नाच्या चित्रांचं बोलतो आहोत म्हणून राइक्सम्युझियममधली एक जोडी आधी सांगतो. मार्टेन सोल्मान्स आणि ओप्येन कॉपित. १६३३ साली त्यांचं लग्न झालं, १६३४ साली रेम्ब्रांटनं दोघांची माणसाएवढी, उभी चित्रं काढली. काळे रेशमी कपडे, गळ्याला आणि मनगटाला नाजूक लेस, त्याच्या बुटांवर मोठाले गोंडे. २०१६ मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्सनं मिळून ही जोडी १६ कोटी युरोंना विकत घेतली, आणि आता ती दोघं राइक्सम्युझियम आणि लूव्हरमध्ये आलटून पालटून, पण नेहमी एकत्र असतात. २०२१ मध्ये राइक्सम्युझियमनं गुलामगिरीवर मोठं प्रदर्शन केलं. दहा माणसांच्या आयुष्यातून ती गोष्ट सांगितली, आणि त्या दहांत ओप्येन होती. मार्टेनच्या घराण्याचा पैसा साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांचा, आणि ती साखर ब्राझीलच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी पिकवलेली. ती लेस कुणाच्या श्रमातून आली, ते संग्रहालयानं सांगितलं. त्याच वर्षी कायमच्या दालनांतही गुलामगिरीशी संबंध असलेल्या वस्तूंशेजारी ७७ नव्या पाट्या लावल्या. चित्रं तीच, जागा तीच, आणि तरी पाहणं बदललं.

आता डहाणू-तलासरीतलं लग्न. इंग्रजी अमलात जमिनी सावकार आणि जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. वारली आपल्याच जंगलात कूळ झाला, आणि वेठ त्याच्या मानेवर बसली. सावकाराच्या घरी, शेतात, त्याच्या गवताच्या गंजीवर, बिनमजुरीचं काम. त्याहून वाईट होता लग्नगडी. लग्नासाठी तरुण सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं कबूल करी. व्याज आणि हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे ते फिटत नसे. बायकोही राबे. कर्ज पोरांपर्यंत उतरे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीचा जो अहवाल दिला त्यात या गुलामीची नोंद आहे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती आतून सांगितली आहे. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाला पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

म्हणजे ज्या भिंतीवर सवाशिणी पालघट लिहीत होत्या, त्याच भिंतीच्या आत नवरा-नवरी आयुष्यभराची गहाण पडत होती. मांडवात तारपा वाजे तेव्हा सावकाराच्या वहीत अंगठा आधीच उठलेला असे. वारली चित्राबद्दल बोलताना निसर्गाशी एकरूप, निरागस, आनंदी असे शब्द फार पटकन येतात. ते लिहिणाऱ्यांनी एकदा लग्नगड्यांची हकीकत वाचावी. चौकातला आनंद खोटा नव्हता. इतक्या जाचात तो जपला गेला, म्हणून त्याचं मोल जास्त आहे.

१९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला थोडे वारली गेले. तिथून परतून त्यांनी आपल्या भागात सभा मागितली. २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथं होते. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतात पाय ठेवायचा नाही. मारहाण झाली तर एकजुटीनं उभं राहायचं. त्यानंतर लाल बावट्याचे, म्हणजे किसान सभेचे लोक गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना मोकळं करत गेले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या गर्दीवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. त्यांचा स्मृतिदिन अजून पाळला जातो.

झरी आता तलासरी तालुक्यात, पालघर जिल्ह्यात आहे. शेतकरी चळवळीच्या इतिहासात या गावाचं नाव येतं, आणि कलेच्या पुस्तकात गंजाडचं. दोन्ही गावांमधलं अंतर थोडं, दोन्हीकडची माणसं तीच, तरी ही पुस्तकं एकमेकांना ओळखत नाहीत. झरीच्या सभेनंतर ज्या घरात लग्न लागलं, तिथला चौक कर्जाशिवाय लिहिला जाण्याची शक्यता पहिल्यांदा तयार झाली. वारली चित्राच्या इतिहासातलं हे वळण मला १९७०च्या दशकातल्या कागदाइतकंच मोठं वाटतं. राइक्सम्युझियमनं ओप्येनच्या चित्राशेजारी साखरेच्या मळ्याची पाटी लावली. वारली चित्र जिथं जिथं टांगलं आहे तिथं झरीची पाटी लागायला हवी.

लुंडेन्सच्या नकलेमुळे ‘नाइट वॉच’ पुन्हा जोडता आलं. चौकासाठी अशा नकला थोड्या का होईना आहेत. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे पुस्तक १९४५चंच, झरीच्या सभेच्या वर्षातलं. यशोधरा दालमिया यांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ १९८८चं. त्यात चौक, त्यातली देवता आणि लग्नाचे विधी यांचा एकत्र विचार आहे. जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची इथं तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम उभं केलं. तिथं वारली चित्रकार येऊन, राहून, मोठाली चित्रं काढून गेले. आपल्याकडे पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. मयूर आणि तुषार वायेडा हे गंजाडचे भाऊ आज ही चित्रभाषा पुस्तकांत आणि परदेशी दालनांत नव्यानं वापरत आहेत, आणि ती वापरताना गावाचं नाव सोडत नाहीत. वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यामुळे नावाचा गैरवापर थोडा थांबेल. पण मानांकन वस्तूला मिळतं, गाण्याला मिळत नाही.

चौकाची खरी नक्कल अजून माणसांच्या अंगात आहे, आणि हीच गोष्ट ॲमस्टरडॅमच्या चित्रापेक्षा वेगळी. रेम्ब्रांट परत येणार नाही. भात निघाल्यावर डहाणू-तलासरीत लग्नसराई येते, तेव्हा पाड्यांवर अजून सवाशिणी चौक लिहितात. सिमेंटची भिंत असली तर तिच्यावरही लिहितात, कुठं गेरूऐवजी बाजारचा रंग असतो. हे नवं रूपही नोंदवण्याजोगं आहे. शाळेत, विशेषतः आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुली हे काम कुठल्याही संग्रहालयाआधी करू शकतील. घरच्यांची परवानगी घेऊन, जे दाखवायचं नाही ते वगळून. आजीचं नाव, गाव, पाडा, कुणाचं लग्न, कुणी कुणी लिहिलं, कोणती पट्टी कुणाच्या हातची, त्या पट्टीला घरात काय म्हणतात, धवलेरी कोण होती, तिनं कोणतं गाणं कधी म्हटलं. एवढं वहीत उतरलं तरी चित्राच्या पाटीवर लिहायला मजकूर मिळेल. गाणी ध्वनिमुद्रित करायला आता हातातला फोन पुरतो.

या नोंदींत एक रकाना कर्जाचाही असावा. घरातल्या पणजोबांच्या लग्नाला पैसा कुठून आला, आणि तो कधी, कसा फिटला. झरीच्या सभेला जे तरुण म्हणून गेले ते आता नाहीत, पण त्यांची मुलं साठी-सत्तरीच्या पुढं गेलेली अजून भेटतात, आणि आपल्या बापाला कुठल्या सावकाराकडून कुणी सोडवून आणलं ते त्यांना सांगता येतं. येत्या लग्नसराईत कुणी विचारायला गेलं तर.